आधी गोळी, मग देव

ते वाक्य मीच लिहिलं. आता आमच्या मोहिमेतले लोक सांगतात की ते बैठकीत ठरलं होतं, सगळ्यांचं मिळून होतं, एकट्या कुणाची चूक नाही. खोटं आहे. बैठकीत फक्त चहा झाला. वाक्य मी माझ्या खोलीत सतरंजीवर पालथी पडून लिहिलं, आणि लिहून झाल्यावर स्वतःवर खूश झाले.

मूळची मी ईट गावची. साखरेच्या आजाराबद्दल गावोगाव सांगत फिरायची मोहीम निघाली, तेव्हा मला नळदुर्गाकडचा भाग मिळाला आणि मी हायवेजवळ एका भांड्यांच्या दुकानावर खोली घेतली. खाली दुकान, दुकानामागं मालकांचं घर, वर मी. मालक साठीच्या पुढचे. बाजार त्यांना अप्पा म्हणायचा, मीही म्हणायला लागले. घरात ते आणि काकू, दोघंच. मुली लग्न होऊन विजापूर-गुलबर्ग्याकडं गेलेल्या. आपसात दोघं कानडी बोलायचे, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि एखादा ट्रकवाला दुकानात शिरला की अप्पांची हिंदी निघायची. "भाईसाब, ये कढई तुम्हारे से जादा चलेगी." ट्रकवाला हसत पैसे काढायचा.

अप्पा लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, ते लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची. ती झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. रोजची पूजा तासाभराची. श्रावणातल्या सोमवारी दोन-अडीच तासांची. पूजेत असताना त्यांना हाक मारायची नाही, शिवायचं नाही, समोरून जायचं नाही. फोन आला तर काकू उचलून "पूजेत आहेत" एवढंच म्हणायच्या आणि ठेवून द्यायच्या.

त्यांची साखर आमच्याच शिबिरात सापडली. मीच त्यांना हाताला धरून नेलं होतं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि समजावलं: सकाळी नाश्त्याला बसायच्या आधी घ्या, आणि घेतल्यावर लगेच नाश्ता करा, चुकवू नका. अप्पांचा नाश्ता व्हायचा दहाला. आधी पूजा, मग दुकान उघडणं, झाडलोट, पहिलं गिऱ्हाईक, आणि मग कधीतरी खाणं. तोवर गोळी डोक्यातून गेलेली. महिन्यानं बघितलं तर पाकिटं जशीच्या तशी.

"अप्पा, गोळ्या विकायला ठेवल्यात का?"

"मोठ्या घागरीवर एक पाकीट फुकट द्यावं म्हणतोय."

मला हसू आलं नाही. त्याच आठवड्यात शेजारच्या गावात मंगल कार्यालय भाड्यानं घेऊन एका पांढऱ्या कपड्यातल्या माणसानं निरामय जीवनाचं शिबिर भरवलं होतं. साखर हा मनाचा आजार आहे, मन शांत करा आणि हे चूर्ण घ्या, असा त्याचा उपदेश. चूर्णाचे डबे तिथंच विकायला. लोक रांगेत उभे होते. एका बाईनं माझ्यादेखत आपल्या गोळ्या कार्यालयाच्या गटारात टाकल्या. त्या माणसाचा मला राग आला तो अजून आहे, आणि तो जाऊ नये असंच मला वाटतं. पण त्या रागात मी अप्पांची पूजा आणि त्या माणसाचं चूर्ण एकाच रांगेत बसवलं. दोन्हीमुळं गोळी पोटात जात नाही, एवढाच माझा हिशेब.

पत्रक कसं लिहायचं ते मी कॉलेजात असताना एका संघटनेत शिकले. वाचणारा उभा आहे, त्याच्या हातात पिशवी आहे, त्याला एसटी पकडायची आहे, असं धरून लिहायचं. वाक्य सहा शब्दांच्या वर न्यायचं नाही. 'परंतु' आलं की खोडायचं. कुणाच्या तरी जिव्हारी लागेल असं एक वाक्य मोठ्या टायपात. डॉक्टरांचं बोलणं मी समोर ठेवलं आणि या नियमांनी तासत गेले. उरलं ते हे:

आधी गोळी, मग देव.
देव थांबेल. साखर थांबणार नाही.

हे वाक्य उचललं गेलं. रिक्षावरच्या भोंग्यातून ते फिरलं. अणदूरला देवळाच्या वाटेवर मी स्वतः उभी राहून पत्रकं वाटली. एका म्हाताऱ्यानं माझ्यासमोर पत्रक टराटरा फाडलं, आणि मला वाटलं, बरोबर जागी लागलं. पत्रक फाडलं गेलं की आम्ही त्याला यश म्हणतो.

अप्पांनी ते दुकानात चष्मा लावून मोठ्यानं वाचलं.

"हे माझ्यावर लिहिलंस की."

"तुमच्यासारख्यांवर."

"माझ्यासारखे लई हायेत. पण हे तू जिन्यातून खाली बघत लिहिलंस."

"बरं, तुमच्यावर. मग? देवाला थोडं थांबायला काय होतं?"

"त्याला काय न्हाय होत. मला होतं."

तरी त्यांनी ते पत्रक घडी घालून खिशात ठेवलं आणि स्वामी आले तेव्हा त्यांच्या हातात दिलं. स्वामी म्हणजे घराण्यानं जंगम. इथल्या लिंगायत घरांतलं लग्न, बारसं, मयत त्यांच्याशिवाय होत नाही. नोकरी मात्र त्यांनी एसटीत कंडक्टरची केली आणि आता निवृत्त झालेत. पास तपासावा तसं त्यांनी पत्रक पुढून-मागून बघितलं आणि अप्पांना परत दिलं.

"पोरगी तोंडानं फटकळ हाये," ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "पण औषध म्हणजे अन्न न्हाय. गोळी घ्या. गोळीपुरतं पाणी घ्या. बाकीचं पूजेनंतर."

मी जिंकले होते. पुढच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या. धर्माला एका कागदानं झुकवलं, असं कुणीतरी म्हणालं. मी नको म्हटलं नाही.

मग अप्पा रोज पाचला उठून गोळी घ्यायला लागले. नियमानं. काकू मला सांगायच्या, "एक दिवस चुकले न्हाईत." रोजच्या पूजेनंतर त्यांना थोडा घाम यायचा, हात कापायचे. दुकान उघडायच्या आधी काकू काहीतरी खायला द्यायच्या आणि ते थांबायचं. वय झालं, असं सगळ्यांनी धरलं.

तो श्रावणातला सोमवार होता. साखरेमुळं दिवसभराचा उपवास स्वामींनी आधीच बंद करायला लावला होता. पण पूजा मोठी. अप्पांनी पाचला गोळी घेतली, अंघोळ केली आणि बसले. आमचा नळ मागच्या अंगणात, तिथून पूजेच्या खोलीचं दार दिसतं. आठच्या सुमाराला मी पाण्याला उतरले तेव्हा अप्पा ताठ बसलेले, डाव्या हातावर लिंग, उजव्या हातात बेलाचं पान, कपाळावरचं भस्म घामानं ओघळलेलं. मी मनात म्हटलं, आज लागली वाटतं समाधी. आणि हसले. कळशी भरून वर गेले. अर्ध्या तासानं परत आले तर तेच पान, तसंच, हवेत. तेव्हाही मी वर गेले.

काकूंनीही बघितलं होतं. त्यांनी नंतर सांगितलं की त्यांना आनंद झाला होता. एवढ्या वर्षांत हे इतके रमलेले कधी दिसले नव्हते, म्हणून त्यांनी कुकरची शिट्टीही होऊ दिली नाही, गॅस बारीक केला. आम्ही दोघी एकाच माणसाकडं बघत होतो. त्यांना भक्ती दिसली, मला अंधभक्ती. आजारी माणूस दोघींनाही दिसला नाही.

मग फरशीवर काहीतरी पडल्याचा बारीकसा आवाज झाला आणि काकू ओरडल्या. "लिंग पडलं!" लिंगायत माणूस पूजेखेरीज लिंग अंगावेगळं करत नाही, ते हातातून पडणं म्हणजे घरावर संकट. तापानं फणफणले असतानाही अप्पांनी ते कधी पडू दिलं नव्हतं. म्हणून काकूंना कळलं. माझ्या सगळ्या शिबिरांनी जे मला कळू दिलं नाही ते त्यांना त्या आवाजानं कळलं.

मी धावत खाली आले. अप्पा भिंतीला कलंडलेले, उघडं अंग घामानं निथळत होतं, डोळे उघडे होते पण आम्हाला बघत नव्हते. काकूंनी लिंग दोन्ही हातांत धरलेलं.

"ते ठेवा आधी! अंगातली साखर उतरलीय, साखर आणा!"

त्यांनी ठेवलं नाही. लिंग मुठीत धरूनच साखरेचा डबा आणला. मी चमचाभर साखर अप्पांच्या ओठांशी नेली. त्यांनी दात आवळले आणि मान हलवली. "पूजा," एवढंच बोलले. पूजा अर्धी राहिलेली. अर्ध्या पूजेत अन्न नाही.

"अप्पा, तोंड उघडा. मराल तुम्ही."

मान परत हलली. मी अंगठ्यानं दात उघडायला गेले, जमलं नाही. मग मी ओरडले. देव काय, धर्म काय, या वेडेपणापायी माणसं मरतात काय. आजवर लिहिलेली सगळी पत्रकं मी एका दमात त्या माणसाच्या तोंडावर ओरडले. दात उघडले नाहीत.

काकूंनी मला खांद्यानं बाजूला सारलं. तांब्यात दोन मुठी साखर टाकली, बोटानं ढवळली. मला म्हणाल्या, "हात पुढं कर." मी केला. त्यांनी माझ्या तळहातावर लिंग ठेवलं. खाली वाटी धरली आणि ते साखरपाणी लिंगावरून ओतलं. मग वाटी अप्पांच्या ओठांना लावून त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "तीर्थ."

अप्पांनी तोंड उघडलं.

एक घोट, मग दुसरा. वाटी संपली की काकू परत ओतायच्या. साखरपाणी माझ्या बोटांमधून कोपरापर्यंत ओघळत होतं. आता लोक मला विचारतात, तेव्हा तुला काय वाटलं? काही पवित्र वाटलं नाही. चिकट वाटलं. आणि भीती वाटली की माझ्या हातून ते परत पडेल. तिसऱ्या वाटीनंतर अप्पांनी काकूंचा हात दूर केला आणि म्हणाले, "साकु." म्हणजे पुरे. कानडी परत आली तेव्हा काकू रडल्या.

थोड्या वेळानं त्यांना माझा तळहात दिसला. "हिच्या हातात कसं काय?"

"मग कुणाच्या हातात?" काकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "तुम्ही तर टाकून मोकळे झालात."

दवाखान्यात शिबिरातलेच डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, गोळी कधी घेतली. पाचला. नाश्ता कधी केला. न्हाय केला. अप्पांनी माझ्याकडं बोट केलं. त्यात रागही नव्हता, हेच वाईट. "हिनं छापलंय," ते म्हणाले, आणि खिशातलं पत्रक काढलं. डॉक्टरांनी वाचलं.

"मी सांगितलेलं अख्खं वाक्य कुठंय?"

"लांब होतं," मी म्हटलं.

त्यांनी पत्रक घडी घालून माझ्या हातात दिलं. रागावले असते तर मला उत्तर देता आलं असतं.

मी अर्धं मागितलं होतं आणि स्वामींनी अर्धं दिलं. गोळी पूजेच्या आधी आली, भाकरी पूजेच्या नंतरच राहिली. दोघांनाही वाटलं, आपण मोठेपणा केला. मधल्या चार तासांत अप्पा एकटे होते.

बैठकीत मी दुरुस्ती छापा म्हटलं. आमचे प्रमुख म्हणाले, वाक्य लोकांच्या तोंडात बसलंय. आता आपणच चुकलो म्हटलं तर चूर्णवाला टपलेलाच आहे. "सगळेच काही अडीच तास पूजा करत नाहीत." हे मी तिथंच लिहून घेतलं, कारण असली वाक्यं मला पुढं उपयोगी पडतात. मग मी स्वतः एक पत्रक केलं. वाईट पत्रक. वाक्यं लांब, दोनदा 'परंतु'. जिथं आधीचं वाटलं होतं तिथं दारोदार गेले आणि गोळी रिकाम्या पोटी घेऊन बसू नका, गोळीबरोबर जेवा, असं तोंडानंच सांगितलं. निम्म्या लोकांनी तोवर पहिलं वाक्य पाठ केलं होतं. त्यांनी मलाच ते म्हणून दाखवलं.

पण खरी अडचण आमच्या घरातच होती. अप्पांनी गोळी सोडली. पूर्ण.

"कागदानं सांगितलं घे, स्वामींनी सांगितलं घे. घेतली. लिंग पडलं. आता न्हाय."

"अप्पा, चूक गोळीची नव्हती. माझी होती."

"मग तुझं का ऐकू?"

पितळी परातीची कड पायाच्या अंगठ्याला लागून त्यांना एक जखम झाली होती. ती भरेना. आठवडा गेला, दुसरा गेला, अंगठा काळपट दिसायला लागला. डॉक्टरांनी पट्टी बांधताना स्पष्ट सांगितलं की साखर अशीच राहिली तर बोट काढावं लागेल, पुढं पायाचीही खात्री नाही. अप्पांनी शांतपणे ऐकलं आणि दुकानात येऊन बसले. मी रोज समजावत होते. काकू माझ्याशी बोलत नव्हत्या. माझ्या नावाचं काही टपाल आलं तर जिन्याच्या पायरीवर ठेवून जायच्या. एका दुपारी त्या पायरीवरच थांबल्या.

"तुझ्या बोलण्यानं न्हाय व्हायचं ते. स्वामींकडं जा."

स्वामी अंगणात स्कूटरचा प्लग घासत बसले होते. मी सगळं सांगितलं, अंगठ्याचंही. त्यांनी प्लग फुंकला.

"तू गोळीचं विचारलंस, म्या गोळीचं सांगितलं. भाकरीचं कुणी विचारलंच न्हाय. अर्धं तिकीट फाडलं आणि गाडी सोडली, तू बी आणि म्या बी."

"मग आता तुम्ही सांगा त्यांना. आधी खा, मग पूजा. तुमचं ऐकतील."

"ऐकतील की. पण चोरावानी खातील. चोरावानी खाल्लेलं किती दिवस टिकतंय?" त्यांनी प्लग बसवला आणि हात पुसले. "पूजा लहान करायला लावतो, उजाडताना. मोठी पूजा संध्याकाळी करू दे, तेव्हा पोटात असतंय. आणि सकाळी प्रसादाला मी येतो."

ते काय म्हणतायत हे मला लगेच कळलं नाही. जंगमाला जेवू घालतात त्याला प्रसाद म्हणतात. तो जेवायला बसला की घरातल्या माणसानंही बसायचं. त्याचं ताट समोर असताना धन्यानं मागं राहायचं नाही. म्हणजे स्वामी सकाळी साडेसहाला येऊन बसले तर अप्पांनाही साडेसहाला बसावंच लागणार.

"पण एवढ्या पहाटे काकू भाकरी करतील का?"

"तिला विचारलंस का कधी?"

विचारलं नव्हतं. पत्रकात ज्या बाईचं नाव नाही, जी स्वयंपाक करते आणि जिच्यावाचून गोळी काय, काहीच वेळेवर होत नाही, तिला मी एकदाही काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून साडेसहाला खाली स्कूटर वाजायला लागली. स्वामी यायचे, काकू गरम भाकरी वाढायच्या, स्वामी पहिला घास घ्यायचे, मग अप्पा गोळी घेऊन जेवायला लागायचे. स्वामींना स्वतःला इतक्या सकाळी भूक नसायची, ते चतकोर भाकरी मोडून बसायचे. थंडी पडली तरी आले. मी जिन्यातून बघायचे. एका माणसानं गोळी घ्यावी म्हणून दुसऱ्यानं रोज भूक नसताना जेवायला यायचं, हा उपाय आमच्या मोहिमेच्या कुठल्याही कागदात बसत नाही. तो लिहून सगळीकडं वाटताही येणार नाही. मला त्याचा अजून थोडा राग येतो. अंगठ्याचा काळेपणा मात्र हळूहळू उतरला. कडेनं नवं कातडं धरायला लागलं.

मग स्वामींना मुलीच्या बाळंतपणासाठी चार दिवस परगावी जावं लागलं. जखम अजून पुरती भरली नव्हती. पहिल्याच सकाळी खालून काकूंची हाक आली.

"ए पोरी, खाली ये."

मी केस न विंचरताच उतरले. दोन ताटं मांडलेली. एकापुढं अप्पा, दुसरं रिकामं.

"बस."

"मी? काकू, मी तर यातलं काही मानत नाही."

"तुला कुणी विचारलं? समोर कुणी जेवल्याबिगर हे घास उचलत न्हाईत. तोंड धू आणि बस."

मी तोंड धुऊन बसले. काकूंनी तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकली, आमटीची वाटी पुढं सरकवली. मी तुकडा तोडला, तर तो इतका गरम की बोटांत धरवेना. फुंकर मारत बसले. अप्पा बघत होते.

"अगं, घे की लवकर. गोळी हातात घेऊन बसलोय मी."

"गरम आहे, अप्पा."

"मग आमटीत बुडव."

मी बुडवला आणि खाल्ला. त्यांनी गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायले आणि ताट पुढं ओढलं.